उष्टी रोटी

१

सकाळी उठली की ओयी आधी भिंतीकडे जायची आणि मग चहाच्या किटलीकडे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, त्यामुळे सगळा कारभार बोटांचा. आधी दाराची चौकट, मग गिलावा, मग खिळा. खिळ्याला निळ्या चिंधीनं बांधलेली एक रोटी टांगलेली होती. तंदुरातली, जाडजूड, मधोमध ठशांची नक्षी आणि एका कडेचा घास तोडलेला. त्या तुटल्या कडेवरून बोट फिरवायचं, ते बोट ओठांना लावायचं आणि म्हणायचं, "आहे रे बाळा, आहे." मग कोकंदच्या त्या घरात दिवस सुरू व्हायचा.

तिची मुलगी मुयस्सर, तिला ओयी म्हणजे आई म्हणणारी, मागे उभी राहून हे रोज बघायची. चौतीस वर्षांची बाई, दूध तपासणाऱ्या प्रयोगशाळेत बारा वर्षं काढलेली, पण त्या खिळ्याकडे सरळ बघायची म्हटलं की तिची मान आपोआप खाली जायची.

घरातलं माणूस लांबच्या वाटेला निघालं की त्याला उंबऱ्यावर नव्या रोटीचा एक घास दातानं तोडायला लावायचा आणि उरलेली रोटी भिंतीला टांगून ठेवायची, ही त्या मुलखाची रीत. ज्याची उष्टी रोटी घरात आहे तो घरी येतो. आल्यावर ती त्यानंच संपवायची, दुसऱ्या कुणी तिला तोंड लावायचं नाही, नाहीतर ज्याची रोटी त्याचा घरातला वाटा जातो. मुयस्सरचा धाकटा भाऊ अब्रोर साडेतीन वर्षांपूर्वी रशियाला बांधकामावर गेला, तेव्हा त्यानंही असाच घास तोडला होता. हसत, घाईघाईत, स्टेशनवर जायला गाडी दारात उभी असताना. लहानपणी जर्दाळूची बी दातानं फोडण्याच्या पैजेत त्याच्या पुढच्या दाताचा अर्धा टवका उडाला होता. त्यामुळे त्याच्या घासाच्या मधोमध रोटीची एक बारीकशी जीभ बाहेर राहायची. "घासावरूनसुद्धा पकडला जाशील, चोरा," असं मुयस्सर तेव्हा त्याला म्हणाली होती.

आता खिळ्यावर जी रोटी होती तिच्या घासात ती जीभ नव्हती, कारण तो घास अब्रोरचा नव्हताच.

दोन वर्षांपूर्वी नवरोजच्या आधी घर झाडताना मुयस्सरला भावाच्या रोटीत किडे दिसले. नको तितकी स्वच्छ बाई ती. दिवसभर दुधातले जंतू मोजायचे आणि घरी भिंतीवर किडे पोसायचे, हे तिला सहन होईना. ओयी शेजारी करोमतकडे गेली होती. तेवढ्यात हिनं रोटी उतरवली, चुरली आणि करोमतच्याच कोंबड्यांपुढे टाकली. कोंबड्यांनी ती मिनिटभरात संपवली. मग मात्र हिला ओयी आठवली. पळत जाऊन तसलीच रोटी विकत आणली, एक घास तोडला आणि त्याच निळ्या चिंधीनं बांधून टांगली. तोडलेला घास तोंडात घोळत राहिला. अन्न थुंकायचं कसं, आणि हे गिळायचं तरी कसं. शेवटी पाण्याबरोबर गिळला.

अब्रोरचा फोन दर रविवारी यायचा. रोटी बदलल्यावरच्या पहिल्याच रविवारी तो आला नाही, आणि त्यानंतर कधीच आला नाही. पुढे त्याच्याबरोबर काम केलेला एक मुकादम गावी आला, त्यानं तिला ओपा, म्हणजे ताई, म्हणत सांगितलं, "तो तर त्या रविवारी सकाळीच निघाला होता, ओपा. घरी जातो म्हणाला. आईला आधी कळवू नका, अचानक जाऊन उभा राहतो, म्हणाला." मुयस्सरनं हे ओयीला कधीच सांगितलं नाही.

वारा सुटला की खिळ्यावरची वाळलेली रोटी भिंतीवर आपटायची. टक. टक. ओयी म्हणायची, "ऐकलंस? पोरगा दार वाजवतोय." आणि मुयस्सर म्हणायची, "वारा आहे, ओयी."

२

ताश्कंदच्या नव्या दूध कारखान्यातून फोन आला तो एप्रिलच्या एका सोमवारी. प्रयोगशाळेची प्रमुख हवी होती. मुयस्सरनं दोन महिन्यांपूर्वी अर्ज टाकला होता, ओयीला न सांगता. इकडे कोकंदात पगार कधी व्हायचा, कधी नाही. साहेब म्हणायचा, दूध न्या घरी. तिकडे स्वतःची खोली, स्वतःची यंत्रं, हाताखाली चार मुली. अट एकच. दुधाच्या टाक्या पहाटे सहाला येतात, म्हणून घर कारखान्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर हवं.

"तू पण चल ना," तिनं ओयीला विचारलं.

"मी? आणि तो आला, दाराला कुलूप बघितलं, तर?"

"मग करोमत खाला तुझ्याकडे बघेल. मी महिन्यातून दोनदा येईन."

"ये की. मी कुठं अडवतेय." ओयीनं पियाला खाली ठेवला. "आधी बघून तर ये. शहरातली घरं म्हणजे पेट्या. तुला पेटीत झोप येते का, ते बघ."

निघायच्या दिवशी ओयी उंबऱ्यात उभी राहिली, हातात ताजी रोटी. मुयस्सर एक पाऊल मागे सरकली. हिचा घास आधीच आत टांगलेला होता. एका माणसाच्या दोन उष्ट्या रोट्या घरात असल्या तर काय होतं, हे कुठल्या म्हातारीनं कधी सांगितलं नव्हतं.

"राहू दे, ओयी. दोन दिवसांचं काम. बाजारात जाऊन आल्यासारखं."

"बरं," ओयी म्हणाली. एवढंच म्हणाली. एरवी खालच्या गल्लीपर्यंत जाणाऱ्याला सुद्धा आशीर्वाद दिल्याशिवाय न सोडणारी ती म्हातारी, आणि तिनं झटकन रोटी ओढणीत गुंडाळली. सुटले एकदाची, असं तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मुयस्सरला वाटलं, माझ्या मनातलंच मला तिच्या तोंडावर दिसतंय. गाडीची वेळ झाली होती.

३

कारखान्याची प्रयोगशाळा बघितली आणि मुयस्सर विरघळली. पांढऱ्या टाइल्स, नवी यंत्रं, खिडकीतून येणारा उजेड. भरतीचं काम बघणाऱ्या नोदिरा नावाच्या टापटीप मुलीनं तिला दोनदा चहा पाजला आणि सांगितलं, "आम्हाला तुम्हीच हव्यात. पण उद्या दुपारी बारापर्यंत हो किंवा नाही. तुमच्यामागे अजून एक बाई थांबलीय. आणि पत्ता लागेल, जवळचा."

घर दाखवायला दलालीण आली. होसियत खाला, खाला म्हणजे मावशी, साठीची, पाय सुजलेले, हातात किल्ल्यांचा जुडगा आणि तोंडाला विसावा नाही.

"कोकंदची का तू? म्हणजे गोडबोली असणार. लग्न?"

"नाही, खाला."

"बरंच आहे. नवरा असता तर म्हणाला असता, उजेड कमी, आवाज फार, भाडं फार. बाईमाणसाला एकटीला घर पटकन पटतं."

पहिलं घर नवव्या मजल्यावर. लिफ्ट बंद. होसियत खाला दर मजल्यावर थांबून लिफ्टवाल्याच्या बापाचा उद्धार करत होती. घर रिकामं, भिंती नुकत्या रंगवलेल्या, वास अजून ओला. स्वयंपाकघरात मुयस्सर नळ तपासायला वाकली आणि मान वर करताना तिला दाराच्या चौकटीशेजारी खिळा दिसला. नुसता खिळा. त्याच्या खाली नव्या रंगावर एक गोल, घासून घासून गुळगुळीत झालेला डाग होता, पसरलेल्या पंजाएवढा.

घड्याळ असेल, तिनं मनाशी म्हटलं. घड्याळ माणसं दाराशेजारी छातीच्या उंचीवर लावत नाहीत, हे तिला कळत होतं. त्या उंचीवर ओयीचा हात पोचतो, तेवढंच. पण खिळा तो खिळा. जगात लाखो आहेत.

"इथं आधी कोण राहायचं, खाला?"

"कुणीतरी होतं. मला विचारू नकोस, मी किल्ल्या ओळखते, माणसं नाही."

दार ओढून घेताना आत काहीतरी हलकंच वाजलं. टक. खिडक्या बंद होत्या, हे मुयस्सरनं स्वतः बघितलं होतं.

४

दुसरं घर तळमजल्याचं, दमट. स्वयंपाकघरात खिळा होता, त्याच उंचीवर. खिळ्याला निळ्या कापडाचा दोरा अडकलेला. खाली फरशीवर चुरा सांडला होता. होसियत खालानं कण्हत कण्हत वाकून तो चुरा वेचला, ओठांना लावला, कपाळाला लावला आणि पाखरांसाठी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. "काय माणसं असतात," ती कुरकुरली. "अन्न पायाखाली."

चुरा ताजा होता. मुयस्सरनं एक कण उचलून बोटांत दाबला, तो दबला. एप्रिलच्या उन्हात उघड्यावरची रोटी दुसऱ्या दिवशी दगड होते, हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही.

"इथं आज कुणी आलं होतं?"

"किल्ली माझ्याजवळ आहे, पोरी. भुतं येत असतील तर भाडं त्यांच्याकडूनही घेऊ." आपल्याच विनोदावर खाला खोकला येईपर्यंत हसली.

मुयस्सर हसली नाही. ती हिशेब जुळवत होती. रंगारी येऊन जेवून गेले असतील. दोरा कशाचाही असेल. कोकंदच्या खोऱ्यातल्या अर्ध्या बायका निळा कपडा घालतात. एकेक उत्तर पटत होतं, तरी ती परत परत त्या खिळ्याकडे बघत होती. कारण या सगळ्यात एक गोष्ट मुळातच उलटी होती. उष्टी रोटी टांगायची ती ज्या घरातून माणूस जातो त्या घरात. भाड्याच्या खोलीतून कोण असा निघतो, की तिथं त्याची वाट बघायची?

त्या संध्याकाळी ती आतेबहिणीच्या घरी उतरली. ओयीला फोन केला. दोन घरं बघितली, दोन्ही वाईट, असं सांगितलं.

"आणि रोटी?" मुयस्सरनं विचारलं. स्वतःचंच तिला आश्चर्य वाटलं, दोन वर्षांत तिनं तो शब्द कधी काढला नव्हता.

"जागेवर आहे," ओयी म्हणाली. मग म्हणाली, "आज मऊ लागली गं हाताला."

"दमट हवा असेल."

"असेल," ओयी म्हणाली.

५

तिसरं घर बघायला ती दुसऱ्या दिवशी साडेदहाला गेली, आणि बाई चौकटीतच थबकली. एवढं चांगलं घर. दुसरा मजला. बाहेर तुतीचं झाड, फांद्या खिडकीला टेकलेल्या. कारखान्याचं फाटक गॅलरीतून दिसत होतं. पाच मिनिटं, तीही रमतगमत. भाडं तिच्या मनातल्या आकड्याहून कमी.

"बघ," होसियत खाला खुर्चीत कोसळत म्हणाली. "मी नेहमी चांगलं घर शेवटी दाखवते. आधी दाखवलं की लोकांना किंमत राहत नाही."

"यात खोट काय आहे, खाला? एवढं स्वस्त?"

"खोट नाही. मालकिणीची एक अट आहे. स्वयंपाकघरात एक वस्तू आहे, ती उतरवायची नाही."

मुयस्सर आत गेली.

रोटी चौकटीशेजारी टांगलेली होती, निळ्या चिंधीनं. नक्षी तीच, कोकंदच्या तंदुरवाल्याची, गोलात गोल आणि मध्ये फूल. चिंधीची गाठ प्रयोगशाळेत नमुन्याच्या पिशवीला मारतात तशी, दोन वेढे आणि एक पीळ. असली गाठ घरात फक्त मुयस्सर मारायची. कडेचा एक घास तोडलेला होता. तोडलेल्या जागी, बरोबर मधोमध, रोटीची एक बारीकशी जीभ बाहेर आली होती.

तिनं हात लावला. रोटी मऊ होती. नुसती मऊ नाही, कोमट. तुटलेल्या कडेला ओल होती.

"अगं, हात लावू नकोस," बाहेरून खाला ओरडली, जणू भिंतीतून तिला दिसत होतं. "दुसऱ्याचा वाटा आहे तो!"

मुयस्सर बाहेर आली. "कोण राहायचं इथं?"

"एक पोरगा. तुमच्याच खोऱ्यातला. भिंती बांधायचा. गुणी, मालकीण सांगते, आवाज नाही, बडबड नाही. आईकडे जातो म्हणाला आणि निघाला. आता परत कुठला येतोय."

"कधी निघाला?"

"रविवारी."

"कुठल्या रविवारी, खाला?"

"मला काय ठाऊक. रविवारी, म्हणाली मालकीण. येईल तेव्हा बघू, तोवर रोटी राहू दे, म्हणाली. म्हातारी आहे, तिला वाटतं तसं करू द्यावं. तुझं काय जातंय? भिंतीवर चित्र आहे असं समज." खालानं किल्ल्या वाजवल्या. "घ्यायचं की नाही, सांग. माझे पाय बघ, हंडे झालेत हंडे."

मुयस्सर गॅलरीत गेली. फाटकातून पांढऱ्या कोटातल्या दोन मुली हसत आत जात होत्या. घड्याळात साडेअकरा.

आता तिनं काय करायला हवं होतं ते तिला स्वच्छ कळत होतं. ती रोटी उतरवायची, ओढणीखाली धरायची, मिळेल त्या गाडीनं कोकंदला जायचं. खिळ्यावरची आपली खोटी रोटी काढून ही लावायची आणि ओयीच्या पायांवर डोकं ठेवून सगळं सांगायचं. मग नोकरी गेली तरी गेली. दोन वर्षं तिला रात्री हेच हवं होतं, की एकदा, फक्त एकदा, ती रोटी परत मिळावी.

आणि रोटी मिळाली तेव्हा बाईच्या मनात काय आलं? आलं ते असं, की जर्दाळूच्या बिया दातानं फोडणारी पोरं खोऱ्यात हजारोंनी आहेत. गाठी काय, कुणीही मारतं. कोमट आहे, कारण खिडकीतून ऊन येतं. ऊन त्या भिंतीवर येत नव्हतं, हे तिनं बघितलं होतं, तरी ती तसं म्हणाली. मी आजवर सगळं त्या भिंतीच्या नावानं केलं, आता पाच मिनिटांवर माझी स्वतःची जागा आहे, आणि मी एका रोटीपायी परत जायचं? एवढा विचार करून तिनं नोदिराला फोन लावला.

"हो," ती म्हणाली. "येते मी सोमवारपासून. पत्ता लिहून घ्या."

पत्ता सांगत असताना आत स्वयंपाकघरात वाजलं. टक. मग काही नाही.

होसियत खालानं किल्ली तिच्या हातात ठेवली, गालाला हात लावून आशीर्वाद दिला आणि कण्हत जिना उतरून गेली.

६

बाराला दहा मिनिटं असताना ओयीचा फोन आला. ओयी आपणहून कधी फोन लावायची नाही, तिला आकडे दिसायचे नाहीत.

"मुयस्सर! पोरी! अगं, तो आलाय!"

"कोण?"

"कोण म्हणजे? अब्रोर! दार वाजलं. मी म्हटलं वारा. तर उभा! त्यानंच लावून दिला तुला फोन." ओयी रडत होती, हसत होती. "हात लावून बघितला मी. तोच. दात तुटलेला, तोच."

मुयस्सर मटकन खाली बसली. दोन वर्षांचा दगड छातीवरून उतरला आणि ती मोठ्यानं रडायला लागली. आपण कुठं बसलोय, समोर भिंतीवर काय आहे, सगळं विसरली. "त्याला दे ना फोन! ओयी, दे त्याला!"

"थांब, जेवतोय. भुकेला आहे गं फार. एक शब्द बोलेना अजून. आला तो सरळ तुझ्या जागेवर बसला, खिडकीपाशी, तू बसतेस ना तिथंच. हात कसे गार पडलेत त्याचे. मी दस्तरखान पसरलं, शोरबा वाढला, तर शिवला पण नाही. उठला, खिळ्यावरची रोटी काढली, आणि तीच खातोय."

मुयस्सरचं रडणं थांबलं.

फोनमधून आवाज येत होता. चावण्याचा. वाळकी रोटी फोडावी तसा कुरकुरीत नाही, मऊ, ओला, सावकाश. मध्ये श्वास घ्यायला सुद्धा थांबत नव्हता.

"ओयी," ती हळू आवाजात म्हणाली, "ती रोटी खाऊ देऊ नकोस त्याला. ओयी, ती रोटी..."

"माहितेय," ओयी म्हणाली.

मग ओयी फोन घेऊन अंगणात आली असावी, कारण चावण्याचा आवाज जरा लांब गेला. पण गेला नाही.

"माहितेय मला," ती कुजबुजली. "पहिल्याच सकाळी कळलं. बोट फिरवलं तर मधली जीभच नाही. माझ्या पोरांचे घास मला कळायचे नाहीत? तुझा आहे तो. तू केलंस काय नि का, ते मी विचारलं नाही. वाटलं, त्याची गेली तर गेली, हिची तर आहे भिंतीवर. म्हणजे ही मला सोडून कुठं जाणार नाही. रोज सकाळी मी तुझ्याच घासावरून बोट फिरवायचे, पोरी, आणि तोंडानं त्याचं नाव घ्यायचे. पाप केलं मी. काल तू निघालीस तेव्हासुद्धा मी दुसरा घास तोडायचा फार आग्रह केला नाही. म्हटलं, उगाच जुन्याचा जोर जायचा."

"ओयी, काढून घे त्याच्या हातातून. अजून काढून घे!"

"कशी काढू? साडेतीन वर्षांनी आलेल्या लेकराच्या तोंडातून घास कसा काढू, सांग?"

समोरच्या भिंतीवर अब्रोरची रोटी होती, हात पुढे केला तर पोचेल एवढ्या अंतरावर. ती हलत नव्हती. तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवूनही मुयस्सरनं बघितलं. तोडलेल्या कडेची ओल आता सुकत आली होती.

"थोडीच राहिलीय," ओयी म्हणाली. "तू निघ. आत्ता निघ, दुपारची गाडी मिळेल. मी त्याला बोलण्यात गुंतवते. अब्रोर, बाळा, हळू खा, पाणी पी जरा. ओपा येतेय तुझी. अरे हळू, एवढं एवढं..."

मुयस्सर उठली. पिशवी घेतली. दारापर्यंत गेली, फोन कानाला तसाच. कडीला हात लावला. तिकडे चावण्याचा आवाज थांबला.

कोंबड्या तेवढ्या कलकलत होत्या, करोमतच्या.

"ओयी?"

"हॅलो?" ओयीचा आवाज आला. आनंदी, खणखणीत, अनोळखी माणसाशी बोलावं तसा नीट. "कोण बोलतंय?"

"मी, ओयी."

"कोण हवंय तुम्हाला, बाई? जरा मोठ्यानं बोला. आमच्याकडे आज गडबड आहे, माझा मुलगा परत आलाय. एकुलता एक. साडेतीन वर्षांनी."

लाइन खराब असते. म्हातारं माणूस आनंदानं भांबावतं. दर दोन वाक्यांमागे मुयस्सरची बुद्धी एकेक उत्तर काढून देत होती, जशी ती नेहमीच देत आली होती. नाव सांगायचं होतं, बस. मुयस्सर म्हण, दोनदा म्हण, रड, ओरड, म्हणजे ओयीला आठवेल. आठवलं असतं, कदाचित. पण त्याच वेळी तिला मागून ऐकू आलं, त्या घरात, खिडकीजवळच्या जागेवरून, भरल्या पोटानं टाकलेला एक मोठा सुस्कारा. मग अब्रोरचा आवाज, थकलेला, लहानपणी होता तसाच. "ओयी, कोण आहे गं?"

कोंबड्यांपुढे चुरा टाकणारे हात तिचे होते. साडेअकरा वाजता हो म्हणणारं तोंडही तिचंच होतं.

"कुणी नाही, खाला," मुयस्सर म्हणाली. "चुकून लागला."

"असू दे, बाई, असू दे. चुकून का होईना, आजच्या दिवशी लावलात. कुठून बोलताय?"

"ताश्कंदहून."

"लांब आहात. घर मिळालंय ना चांगलं?"

"मिळालंय," मुयस्सर म्हणाली. "कामापासून पाच मिनिटांवर आहे."